अडीच वर्षांच्या मुलाला यंदा शाळेत घालावे का, आणि शाळेची तयारी म्हणजे नक्की काय?

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो तुम्हाला लगेच दिसेल. तुमचा मुलगा २ वर्षे ४ महिन्यांचा आहे, जन्म नोव्हेंबरचा आहे, आणि येत्या जूनमध्ये त्याला नर्सरीत घालायचे की एक वर्ष थांबायचे हे तुम्हाला या महिन्यात ठरवायचे आहे. तुम्ही दोघेही नोकरी करता, दिवसभर त्याला आजी सांभाळतात आणि घरात मराठी बोलली जाते. तो 'पाणी दे', 'बाबा गेला' अशी दोन शब्दांची वाक्ये बोलतो, सांगितलेले त्याला समजते. पण सोसायटीतली त्याच्याच वयाची मुलगी इंग्रजी मुळाक्षरे आणि वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवते, तर याला एकही अक्षर येत नाही आणि पेन्सिल तो मुठीत धरतो. म्हणून अक्षरे शिकवणारे ॲप घ्यावे का, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असणार असल्यामुळे घरी आतापासून इंग्रजी बोलायला लागावे का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी ओघात तुम्ही हेही लिहिले आहे की मोबाइल समोर धरल्याशिवाय तो जेवत नाही, रात्री अकराच्या आत झोपत नाही आणि त्याचे डायपर अजून सुटलेले नाही.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मूल मागे पडले आहे का, हा पहिला; आणि त्याला यंदा शाळेत घालावे का, हा दुसरा. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून पहिल्याचे उत्तर मी बरेचसे निश्चितपणे 'नाही' असे देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर तुमच्या घरावर आणि घराजवळ कोणत्या प्रकारची शाळा आहे यावर अवलंबून आहे, आणि त्याकडे मी शेवटी येते. मात्र दोन्हींच्या आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. पुण्यात बालवर्ग चालवताना मला जे सतत दिसत आले आहे त्यावरून माझे मत असे झाले आहे की, तुम्ही ज्या गोष्टी प्रश्नात सर्वांत वर ठेवल्या आहेत, म्हणजे अक्षरे, आकडे आणि पेन्सिल, त्यांची या वयात शाळेच्या दृष्टीने फारशी गरज नसते. आणि ज्या तुम्ही शेवटी जाता जाता लिहिल्या आहेत, म्हणजे जेवण, झोप, शू आणि बोलणे, तीच खरी तयारी असते.

जूनमध्ये नवे मूल वर्गात येते तेव्हा त्याला अक्षरे येतात की नाही, हे मला कित्येक आठवडे कळतही नाही, कारण तसा प्रसंगच येत नाही. पहिल्याच दिवशी कळते ते वेगळेच. शू आली किंवा तहान लागली हे ते ताईला कोणत्या तरी प्रकारे सांगू शकते का, डब्यातला घास स्वतःच्या हाताने तोंडात घालते का, चप्पल काढून जागेवर ठेवते का, घरचे माणूस दिसेनासे झाल्यावर परक्या माणसाच्या कडेवर शांत होते का, आणि शेजारच्या मुलाने हातातली गाडी ओढली तर चावण्याऐवजी 'माझी' एवढा शब्द तरी उच्चारते का. ज्या मुलाला हे जमते त्याचा दिवस बरा जातो, आणि ज्याचा दिवस बरा जातो ते ऐकायला, पाहायला, गायला मोकळे असते. ज्याला यातले काही जमत नाही त्याची सगळी शक्ती केवळ टिकून राहण्यात खर्च होते, मग त्याला शंभरपर्यंत आकडे येत असले तरी.

आता बोलण्याविषयी सविस्तर लिहिते, कारण या वयात सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते तिथेच. दोन वर्षांच्या आसपास मुले दोन शब्द जोडू लागतात, अडीच वर्षांपर्यंत साधारण पन्नास किंवा अधिक शब्द वापरतात आणि तीन वर्षांची होईपर्यंत त्यांचे बरेचसे बोलणे घराबाहेरच्या माणसालाही समजू लागते. तुमचा मुलगा क्रियापद घालून दोन शब्दांची वाक्ये करतो आणि सांगितलेले समजतो, म्हणजे तो वाटेवर आहे. त्याला पुढे नेण्यासाठी शब्द पाठ करून घेण्याची गरज नाही. तो जे बोलतो तेच थोडे मोठे करून परत द्यावे. तो 'बाबा गेला' म्हणाला की आपण 'हो, बाबा ऑफिसला गेला, स्कूटरवरून गेला' असे म्हणावे आणि मग थांबावे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. लहान मुलाला ऐकलेले समजून घ्यायला, शब्द शोधायला आणि तोंडाने उच्चारायला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि आपण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. मनात पाच-सात आकडे मोजेपर्यंत गप्प राहून पाहा. बऱ्याच वेळा त्या शांततेतच त्याचा शब्द येतो.

उलट, 'हे काय आहे? हा कोणता रंग? गाय कशी ओरडते?' अशी दिवसभर चालणारी परीक्षा मुलांना बोलते करत नाही. पाहुण्यांसमोर नाक दाखव, कान दाखव, हा आपल्या घरांमधला लाडका कार्यक्रम आहे. तो अधूनमधून व्हायला माझी हरकत नाही, पण तो संवाद आहे असे कोणी समजू नये. संवाद घडतो तो एकत्र काहीतरी करताना. आजींबरोबर मेथी निवडताना, गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांतले मोजे जोडीने लावताना, रविवारी बाबांबरोबर मंडईत जाऊन वांगी पिशवीत टाकताना, पीएमपीच्या बसमध्ये खिडकीशी बसून पुढची कुठली बस आली ते बघताना जे शब्द कानावर पडतात, ते त्या वस्तूसह, वासासह आणि कृतीसह पडतात, म्हणून ते राहतात. बडबडगीते आणि गोष्टी यांचेही तसेच आहे. तीच गोष्ट विसाव्यांदा मागितली तर विसाव्यांदा सांगावी, कारण त्या पुनरावृत्तीतच मूल पुढचा शब्द आधी ओळखायला आणि मग स्वतः म्हणायला शिकते.

यावरूनच घरी इंग्रजी बोलावे का, याचे उत्तर निघते. माझ्या मते बोलू नये, निदान मराठीच्या जागी तर नाहीच. दोन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे लांबते, ही समजूत चुकीची आहे, त्यामुळे घरात कोणी सहजपणे इंग्रजी बोलणारे असेल तर तेही चालेल. मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. पण ज्या भाषेत आपण चिडतो, लाड करतो आणि गंमत सांगतो ती सोडून आठवून आठवून बोललेल्या 'कम हिअर, सिट डाऊन' या आज्ञांवर आलो, की संवादाची वाक्ये आखूड होतात आणि घरात मुलाशी होणारे एकूण बोलणेच कमी होते. आजींच्या वाट्याला तर मौनच येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही लहान मुलांसाठी घरच्या भाषेवर भर दिला आहे. माध्यम कोणते निवडायचे हा तुमचा कौटुंबिक निर्णय आहे आणि त्याला पुढच्या शिक्षणाचे, बदलीच्या नोकरीचे असे अनेक पदर असतात, म्हणून त्यात मी पडत नाही. एवढेच सांगते की ज्या मुलाची मराठी भरघोस आहे ते इंग्रजी शाळेतही लवकर रुळते, कारण प्रश्न कसा विचारायचा आणि घडलेले कसे सांगायचे हे त्याला आधीच आलेले असते.

बोलण्याच्या बाबतीत काळजी केव्हा करावी, हेही इथेच सांगून टाकते. हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, आधी येत असलेले शब्द बोलायचे थांबले असेल, अडीच वर्षे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा बाहुलीला भरवणे, खोटा फोन करणे असा लटका खेळ अजिबात खेळत नसेल, तर शाळेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि श्रवणचाचणी आधी करून घ्यावी. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात द्रव साठून राहिला तर त्यांना कमी ऐकू येते आणि घरात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. 'मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता' हे वाक्य मी फार ऐकते. मुलगे सरासरीने किंचित उशिरा बोलतात हे खरे असले तरी तो फरक थोड्या महिन्यांचा असतो, आणि त्या वाक्याच्या भरवशावर मदतीचे सर्वांत उपयोगाचे वर्ष हातचे जाते. खासगी तपासणी परवडत नसेल तर २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशा मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी रुग्णालयात त्याची चौकशी करता येते. तुमच्या मुलाविषयी तुम्ही लिहिलेल्यात यातले काहीही मला दिसत नाही.

शेजारच्या मुलीच्या वीस आकड्यांबद्दल थोडेसे. तिचे कौतुक जरूर करा, पण कधीतरी सहज तिच्यापुढे वाटीभर चमचे ठेवून 'मला तीन दे' म्हणून पाहा. या वयातली बहुतेक मुले मूठभर उचलून देतात. आकडे म्हणणे हे गाणे म्हणण्यासारखे आहे. 'तीन' म्हणजे किती, हे कळणे वेगळे आणि ते पुष्कळांना साडेतीन वर्षांच्या आसपास उमगते. तुमच्या मुलाला ते ताटे मांडताना कळेल: आजीला एक, आजोबांना एक, आता अजून कोण राहिले? अक्षरांचेही असेच आहे. म्हणून त्या ॲपवर पैसे खर्च करू नयेत असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण केवळ अक्षरे घाईची आहेत एवढेच नाही, तर जो पडदा तुम्हाला जेवणातून काढायचा आहे तोच अभ्यासाच्या नावाने परत आत येईल.

आता त्या पडद्याकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको आणि त्याहून कमी असल्यास अधिक चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन ते पाच वर्षांसाठी एका तासाच्या मर्यादेचाच आहे. तीन वेळच्या जेवणाला वीस-वीस मिनिटे धरली तरी तो तास तिथेच संपतो. पण मला वेळेपेक्षा जेवणाची जास्त काळजी वाटते. पडद्याकडे बघत जेवणारे मूल पोट भरल्याचे ओळखायला शिकत नाही, नीट चावत नाही, हात वापरत नाही आणि बोलतही नाही. म्हणजे दिवसातल्या ज्या तीन वेळा हाताचा, तोंडाचा आणि गप्पांचा सराव आपोआप झाला असता, त्या तिन्ही वाया जातात. शाळेत डबा उघडल्यावर समोर मोबाइल नसतो, आणि मग 'तो शाळेत काहीच खात नाही' अशी तक्रार येते.

इथे आजींच्या बाजूने बोलणे मला भाग आहे. दिवसभर एकटीने अडीच वर्षांच्या मुलामागे धावणे हे साठी ओलांडलेल्या शरीराला सोपे नसते, आणि नातू उपाशी राहिला तर त्याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल ही भीती त्यांना असते. मोबाइल हा त्या भीतीवरचा उपाय आहे. म्हणून 'आई, तुम्ही त्याला मोबाइल देऊ नका' एवढे सांगून काम होणार नाही. त्यांना दोन गोष्टी आधी स्पष्टपणे सांगाव्या लागतील: त्याने दोन घास कमी खाल्ले तरी तुम्ही काही म्हणणार नाही, आणि सांडलवंड तुम्ही संध्याकाळी येऊन पुसाल. मग सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करा, कारण तेव्हा तुम्ही घरी असता. सगळे एकत्र खाली पंगतीत बसा, त्याच्या ताटलीत हाताने उचलता येतील असे पदार्थ ठेवा, म्हणजे पोळीचे तुकडे, धिरड्याचे तुकडे, मऊ शिजवलेल्या भाजीच्या फोडी, तूपभाताचे छोटे गोळे. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचला आणि मागे मागे भरवत फिरू नका. पहिले काही दिवस तो रडेल आणि कमी खाईल. निरोगी मूल त्याने अशक्त होत नाही. मात्र वजन आधीच कमी असेल किंवा दुसरा काही आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करावे. रात्रीचे जेवण रुळले की दुपारच्या जेवणाचे आजी आपोआप हाती घेतात, असा माझा अनुभव आहे.

पेन्सिल मुठीत धरणे या वयात अगदी स्वाभाविक आहे. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या रूपात असतात, तीन वर्षांच्या मुलात त्यांतली दोन-तीनच खऱ्या अर्थाने हाडे झालेली असतात, आणि उरलेली पुढच्या काही वर्षांत एकेक करून होतात. त्या हाताकडून ठिपके जोडून अक्षरे गिरवून घेणे म्हणजे त्याला वाकडी पकड शिकवणे, जी पुढे पहिलीच्या ताईला सोडवत बसावी लागते. मुले साधारण दोनच्या सुमारास उभी रेघ ओढतात, तीनच्या सुमारास गोल काढतात, चारच्या सुमारास अधिकचे चिन्ह काढतात, आणि तिरक्या रेघा जुळवून त्रिकोण काढणे पाच वर्षांच्या आसपास जमते. आपल्या अक्षरांतली वळणे आणि तिरक्या रेघा पाहिल्या तर लिहिण्याचे वय कोणते हे यावरूनच कळते.

तोपर्यंत हाताला काम हवे, आणि ते स्वयंपाकघरात भरपूर आहे. कणकेचा गोळा मळणे, पोळपाटावर छोटी लाटी लाटणे, मटार सोलणे, कोथिंबीर खुडणे, चिमटे दोरीवर लावणे, कपाने एका पातेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतणे, ओला फडका पिळणे: या प्रत्येक कामात बोटांची चिमट, मनगटाची फिरकी आणि दोन हातांचा मेळ यांचा सराव होतो. भुईमुगाच्या शेंगा सोलायलाही द्याव्यात, पण तिथे मोठ्या माणसाने शेजारी बसावे आणि दाणे तोंडात जाऊ देऊ नयेत. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे घशात अडकण्याचा धोका चार-पाच वर्षांपर्यंत असतो. मोठ्या स्नायूंसाठी रोज बाहेर पळणे हवे. सोसायटीचे पार्किंग असते, पण गाड्यांमुळे तिथे लक्ष ठेवण्यातच जीव जातो. जवळची बाग, शनिवारी सकाळी तळजाई किंवा हनुमान टेकडीचा खालचा सोपा भाग, जिथे चढ-उतार, दगड, माती असते, ते कितीतरी चांगले. खांदे आणि पाठ भक्कम झाल्याशिवाय बोटे स्थिर होत नाहीत, त्यामुळे चढणे आणि लोंबकळणे हीसुद्धा लिहिण्याचीच तयारी आहे.

महागडे लाकडी साहित्य घ्यावे का, असे या टप्प्यावर मला हमखास विचारले जाते. इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले आणि त्यांच्या शिकवण्याच्या साहित्याचा पुढे जगभर प्रसार झाला. पण आपल्याकडे ते सर्वांना परवडणार नाही हे ताराबाई मोडक यांनी ओळखले. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने बालवाड्या चालवताना पाने, बिया, खडे, शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून साहित्य उभे केले. तुमच्या घरी डब्यांची झाकणे, वाट्या आणि जुन्या ओढण्या आहेत. हौस म्हणून काही घ्यायचेच असेल तर तुळशीबागेतून भातुकली आणा. मुलग्यांनाही ती तितकीच आवडते, आणि लटक्या स्वयंपाकाइतके बोलणे दुसऱ्या कुठल्या खेळण्यातून निघत नाही.

झोपेचा प्रश्न पुण्यातल्या नोकरदार घरांत सर्वांत अवघड असतो, हे मी जाणते. हिंजवडीहून किंवा खराडीहून साडेआठला घरी पोहोचलेल्या आईबाबांना मुलाबरोबर वेळ हवा असतो आणि मूल अकरापर्यंत जागते. या वयात दुपारची धरून दिवसाला अकरा ते चौदा तास झोप लागते, तीन वर्षांनंतर दहा ते तेरा. सकाळी साडेआठला उठणाऱ्या मुलाला नऊची शाळा लागली तर आठवडाभरात घरात रोज सकाळी भांडण सुरू होते. शाळा ठरो अथवा न ठरो, आत्तापासून दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे सरका, दुपारची झोप चारच्या आत संपवा, आणि संध्याकाळच्या वेळेऐवजी सकाळचा अर्धा तास तुमच्या दोघांपैकी एकाने त्याच्यासाठी राखून ठेवा. प्रत्येक घराला हे पूर्णपणे जमत नाही. साडेनऊपर्यंत आणले तरी पुष्कळ झाले.

डायपर सोडवायला मार्च ते मे हे पुण्यात उत्तम महिने आहेत, कारण कपडे कमी घालावे लागतात आणि चड्ड्या तासाभरात वाळतात. पण त्याच्याकडून खुणा दिसायला हव्यात: दोन-दोन तास कोरडा राहणे, शी करताना कोपऱ्यात जाणे, ओले झाल्याचे सांगणे, चड्डी खाली ओढता येणे. त्या दिसत असतील तर दिवसाचे डायपर बंद करून दोन तासांनी मोरीत नेत राहा. रागावू नका, कारण धसका घेतलेले मूल शी धरून ठेवते, तिला खडा होतो आणि मग प्रश्न महिनोन्‌महिने चिघळतो. खुणा दिसत नसतील तर महिन्याभराने पुन्हा पाहा. रात्रीचे डायपर हा वेगळा विषय आहे आणि त्याची शाळेशी काहीही सांगड नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, मूल मागे नाही. ॲप आणि घरची इंग्रजी दोन्ही सोडून द्यावी. आणि जूनपर्यंतचे तीन महिने पडद्याशिवाय जेवण, अलीकडची झोप, दिवसाचे डायपर आणि भरपूर गप्पा यांवर द्यावेत. हे यंदा शाळेत घातले तरी लागणार आहे आणि थांबलात तरी लागणार आहे.

राहिला प्रवेशाचा निर्णय. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या वर्षीच्या जूनमध्ये नर्सरीला आणि ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्याला पहिलीला प्रवेश मिळतो. काही मंडळांच्या शाळा वेगळी तारीख धरतात, म्हणून ज्या शाळेत पुढे जायचे तिथे आधी विचारून घ्या. तुमचा मुलगा या नियमात यंदा बसतो, पण जूनमध्ये तो २ वर्षे ७ महिन्यांचा असेल आणि त्याच वर्गात जानेवारीत जन्मलेले मूल जवळजवळ ३ वर्षे ५ महिन्यांचे असेल. दहा महिन्यांचा हा फरक या वयात बोलण्यात, उंचीत आणि संयमात ठळक दिसतो. पहिलीत तो एका वाटेने ५ वर्षे ७ महिन्यांचा असताना जाईल आणि दुसऱ्या वाटेने ६ वर्षे ७ महिन्यांचा असताना. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलांच्या बाबतीत माझा कल सामान्यतः थांबण्याकडे असतो, कारण बालवर्गात हे अंतर ताई सांभाळून घेतात, पण पहिलीत लेखन सुरू झाले की तेच मूल 'हळू' ठरवले जाते.

तरीही हा केवळ कल आहे. आजी थकत असतील, घरी आणि आसपास बरोबरीचे कोणी मूल नसेल, आणि चालत जाण्याच्या अंतरावर दोन-अडीच तासांचा, खेळावर चालणारा छोटा गट असेल, तर यंदा त्याला तिथे जरूर पाठवा आणि नर्सरीचे वर्ष पुढच्या जूनमध्ये धरा. याउलट उपलब्ध शाळा व्हॅनने चाळीस मिनिटांवर असेल आणि एका वर्गात तीस मुले असतील, तर दोन तासांच्या शाळेसाठी कर्वे रस्त्याच्या गर्दीत दीड तास काढण्यापेक्षा मूल घरी आजींजवळ राहिलेले बरे. दिवसातून दोन तास मदतीला एखाद्या मावशी मिळाल्या तर आजींचाही भार हलका होईल. अंगणवाडीची सोयही लक्षात ठेवावी, जरी तिचा पूर्वप्राथमिक वर्ग तीन वर्षे पूर्ण झाल्यावर असतो. काही अंगणवाड्यांत ताई फार मनापासून काम करतात आणि मध्यमवर्गीय घरे तिकडे उगाचच फिरकत नाहीत.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि भिंतींवरची चित्रे बाजूला ठेवून, वर्ग चालू असताना अर्धा तास बसू देतात का ते विचारा. तीन वर्षांखालच्या गटात दहा-बारा मुलांमागे दोन मोठी माणसे असावीत असे मला वाटते. ताई मुलांशी बोलताना खाली बसतात का, रडणाऱ्या मुलाला कोणी जवळ घेते का, स्वच्छतागृह वर्गाला लागून आहे का आणि डायपर न सुटलेल्या मुलाला घेतात का, हे पाहा. वह्यांची यादी मागा. राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे तीन ते सहा वयोगटासाठी ठरावीक पाठ्यपुस्तकेच असू नयेत. तरीही नर्सरीला चार वह्या, दोन पुस्तके आणि गृहपाठाची डायरी देणाऱ्या शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत. अशी यादी हातात आली तर बाकी सगळे कितीही आकर्षक असले तरी मी तुमच्या जागी पुढची शाळा पाहीन.

पाठवायचे ठरले तर पहिल्या दिवसांची आखणी आधीच करा. एप्रिल-मेमध्ये त्याला मावशीकडे किंवा शेजारी थोडा थोडा वेळ सोडून सराव करा, आणि प्रत्येक वेळी सांगून निघा. नजर चुकवून निघून गेलेल्या आईचे मूल पुढे आईच्या पदराला अधिकच चिकटते. निरोप छोटा आणि रोज तोच असावा: 'तुझा डबा खाऊन झाला की आजी येणार.' तुमच्या घरी त्याला खरा विरह आजींचा होणार आहे, त्यामुळे सोडायला आजींऐवजी बाबा गेले आणि आणायला आजी आल्या तर बऱ्याचदा सोपे जाते. सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटे रडून मूल खेळायला लागत असेल तर ते रडणे निरोपाचे आहे, त्यावरून शाळा बंद करू नये. डबा असा घ्या की त्याचे झाकण तो स्वतः उघडू शकेल.

जून हा पावसाच्या सुरुवातीचा आणि सर्दी-खोकल्याचाही महिना आहे. घरात एकट्याने वाढलेले मूल पहिल्या वर्षी सहा-आठ वेळा आजारी पडते, तसे झाले तर ती शाळेची किंवा आजींची चूक मानू नका. ताप असताना मात्र पाठवू नका, आणि ऑफिसात तशा रजांची सोय जूनआधीच बघून ठेवा. चार-पाच आठवड्यांनंतरही तो शाळेत पूर्ण वेळ रडत असेल, तिथे काहीच खात-पीत नसेल, घरी रात्री दचकून उठत असेल किंवा सुटलेले डायपर पुन्हा लागू लागले असेल, तर ताईंशी बोलून आधी वेळ एक तासावर आणा. पंधरा दिवसांत त्यानेही फरक पडला नाही तर यंदाचे शुल्क गेले तरी चालेल, त्याला घरी ठेवा आणि दिवाळीनंतर, तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, पुन्हा विचारा. तोपर्यंत त्याला स्वतःला काय हवे ते बोलून सांगता येऊ लागलेले असेल.